बी.ए. सोपे आणि बी.एस्सी. अवघड? ब्रिटनमधील पदवीच्या अभ्यासाचा हिशेब



ऑक्टोबर ते जानेवारी या काळात घरोघरी यूकासचे अर्ज भरायची गडबड सुरू झाली की मंडळाच्या कार्यक्रमांत एक प्रश्न हमखास कानावर येतो. "मुलगी हिस्टरी घ्यायची म्हणते. आठवड्याला आठ-नऊच तास वर्ग असतात म्हणे. मग बाकी वेळ करणार काय?" त्याला जोडूनच दुसऱ्या कोपऱ्यातून ऐकू येते, "आमचा केमिस्ट्रीला आहे, सकाळी नऊला जातो तो संध्याकाळी पाचला येतो. खरा अभ्यास तो!"

आपल्यापैकी बहुतेकांची कॉलेजची आठवण महाराष्ट्रातली. दहावीनंतर आर्ट्स, कॉमर्स, सायन्स अशा तीन वाटा फुटायच्या आणि त्यांतली कोणती अवघड हे मार्कलिस्टच ठरवायची. सायन्सवाल्यांना प्रॅक्टिकल, जर्नल सर्टिफाय करून घेणे आणि व्हायवा. आर्ट्सवाल्यांना वर्षाच्या शेवटी गाईड आणि पाठांतर. हे चित्र तिथल्या सगळ्यांनाही पूर्णपणे लागू नव्हते, पण मनात मात्र ते पक्के बसले आहे. इथल्या विद्यापीठांना तेच लावले की हिशेब चुकतो, आणि त्याची किंमत मुलांना मोजावी लागते. म्हणून या लेखात आम्ही ब्रिटनमधील कला आणि विज्ञान शाखांच्या पदवी अभ्यासक्रमांत नेमके किती आणि कशा प्रकारचे काम असते, ते एकत्र मांडत आहोत.

आधी नावाचा घोळ

पदवीच्या नावावरून विषय ओळखता येईल असे धरून चालू नका. केंब्रिजमध्ये फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी हे विषय नॅचरल सायन्सेस या अभ्यासक्रमात शिकतात, आणि तिथे तीन वर्षांनी मिळणारी पदवी बी.ए. असते! गणिताचेही तसेच. १८९९ साली सीनियर रँग्लर झालेले आपले रँग्लर परांजपे हे त्या अर्थाने केंब्रिजचे बी.ए. होत. ऑक्सफर्डमध्येही तीन वर्षांची फिजिक्सची पदवी बी.ए.च आहे. उलट लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये राज्यशास्त्र आणि आंतरराष्ट्रीय संबंध या विषयांना बी.एस्सी. मिळते.

याचे कारण जुने आहे. पूर्वी विद्यापीठाची पहिली पदवी म्हणजे बी.ए., मग विषय कोणताही असो. बी.एस्सी. ही वेगळी पदवी लंडन विद्यापीठाने १८६० साली द्यायला सुरुवात केली. त्याच्या तीनच वर्षे आधी, १८५७ साली, याच लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर मुंबई विद्यापीठ स्थापन झाले होते. लोकमान्य टिळकांनी पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून गणित घेऊन बी.ए. केले, ते याच परंपरेतले.

तेव्हा "बी.ए. आहे" एवढ्यावरून मत बनवू नये. विषय आणि अभ्यासक्रमाची रचना पाहावी.

क्रेडिटचा हिशेब: दोन्हीकडे सारखाच

इंग्लंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडमध्ये ऑनर्स पदवी बहुधा तीन वर्षांची आणि ३६० क्रेडिटची असते, म्हणजे वर्षाला १२० क्रेडिट. स्कॉटलंडमध्ये ऑनर्सला चार वर्षे आणि ४८० क्रेडिट. एका क्रेडिटमागे विद्यार्थ्याने सुमारे १० तास काम करावे असे गृहीत धरलेले असते. या १० तासांत वर्ग, लॅब, वाचन, लेखन, उजळणी, परीक्षा सगळे आले.

म्हणजे वर्षाला १२०० तास. हे काम ३० आठवड्यांत विभागले तर आठवड्याला ४० तास होतात. थोडक्यात, पूर्णवेळ नोकरीएवढे. मराठी साहित्यात काय, मायक्रोबायॉलॉजीत काय, १२० क्रेडिट म्हणजे १२० क्रेडिट. कागदावर दोन्ही शाखांचे ओझे अगदी सारखे आहे.

मग फरक कुठे पडतो? या १२०० तासांपैकी किती तास विद्यापीठ वेळापत्रकात बांधून देते आणि किती विद्यार्थ्याच्या हातात सोडते, तिथे.

एक नमुना हिशेब पाहू. शिकवण्याचे आठवडे २२ धरले आहेत. आकडे विद्यापीठागणिक बदलतील, पण कल्पना यावी म्हणून:

• विज्ञान शाखा: आठवड्याला १८ तास वर्ग आणि लॅब. २२ आठवड्यांचे ३९६ तास. स्वतः करायचे काम उरले ८०४ तास.
• कला शाखा: आठवड्याला ९ तास वर्ग. २२ आठवड्यांचे १९८ तास. स्वतः करायचे काम उरले १००२ तास.

पालकांना वेळापत्रकात दिसतो तो पहिला आकडा. न दिसणारा दुसरा आकडा दोन्हीकडे मोठा आहे आणि कला शाखेत तो जास्तच आहे. विज्ञानाच्या विद्यार्थ्यालासुद्धा लॅबमधून घरी आल्यावर काम संपत नाही, हेही या हिशेबातून ध्यानात येईल.

विज्ञानाचा आठवडा कसा असतो

केमिस्ट्रीच्या पहिल्या किंवा दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी घ्या. आठवड्याला आठ-दहा लेक्चर्स, एक किंवा दोन दुपारी सलग तीन-चार तासांची लॅब, एखादा प्रॉब्लेम क्लास आणि लहान गटाचे ट्युटोरियल असे साधारण वेळापत्रक असते.

लॅबला जाण्याआधी तयारी करावी लागते. बऱ्याच ठिकाणी प्री-लॅब म्हणून छोटी ऑनलाइन चाचणी असते. लॅब झाल्यावर रिपोर्ट. निरीक्षणे, आलेख, चुकीची शक्यता किती याचे गणित आणि निष्कर्ष. आपल्या जर्नलसारखेच, पण मागच्या वर्षीच्या मुलाचे पाहून उतरवायची सोय नाही! वर आठवड्याला एक-दोन प्रॉब्लेम शीट्स असतात. त्यातली गणिते सुटली नाहीत तर पुढचे लेक्चर समजत नाही.

या ओझ्याचा स्वभाव असा की ते रोज थोडे थोडे येते आणि रोज मागे लागते. लॅबची हजेरी सक्तीची असते, आणि चुकलेली लॅब पुन्हा मिळणे कठीण. विषय एकावर एक रचलेला असतो. तिसऱ्या आठवड्यातले थर्मोडायनॅमिक्स कच्चे राहिले की दहाव्या आठवड्यापर्यंत ते पाठ सोडत नाही. मुले दमतात, पण दमलेली दिसतात. कोण मागे पडले आहे ते डेमॉन्स्ट्रेटरच्या आणि ट्युटरच्या तुलनेने लवकर लक्षात येते.

मेडिसीन, डेंटिस्ट्री आणि इंजिनिअरिंग यांचे वेळापत्रक याहूनही भरगच्च. मेडिसीन पाच किंवा सहा वर्षांचे, आणि पुढच्या वर्षांत हॉस्पिटलमधील काम असल्यामुळे मोठ्या सुट्ट्याही कमी होत जातात. इंजिनिअरिंगला डिझाइन प्रोजेक्ट गटाने करावे लागतात. गटातला एखादा गायब झाला की त्याचे काम इतरांच्या अंगावर येते.

कला शाखेचा आठवडा कसा असतो

आता इतिहासाची विद्यार्थिनी घ्या. एका टर्मला तिचे समजा तीन विषय आहेत. प्रत्येकाचे आठवड्याला एक-दोन लेक्चर्स आणि दहा-पंधरा जणांचा एक सेमिनार. झाले आठ-नऊ तास.

सेमिनार हा शब्द नीट समजून घ्यायला हवा. तिथे शिक्षक शिकवत नाहीत, मुले बोलतात. त्यासाठी आधी वाचून जावे लागते. एका सेमिनारसाठी ८० ते १०० पाने वाचायला दिली आहेत असे धरा. पाने संशोधनपर लेखांची असतात, कादंबरीसारखी सरसर वाचून होत नाहीत. टिपणे काढत तासाला २० पाने झाली तरी एका सेमिनारला चार-पाच तास लागतात. तीन सेमिनारचे बारा ते पंधरा तास इथेच गेले. इंग्रजी साहित्याच्या विद्यार्थ्यांना याशिवाय आठवड्याला एक, कधी दोन मूळ पुस्तके वाचायची असतात.

त्यावर निबंध. दीड-दोन हजार शब्दांचा निबंध लिहायला रात्रभर जागले की पुरे, असा समज मुलांचाही असतो. प्रत्यक्षात प्रश्न निवडणे, दहा-बारा संदर्भ गोळा करणे, वाचणे, त्यांच्यातले मतभेद ओळखणे, स्वतःची बाजू ठरवणे, पहिला खर्डा, दुसरा खर्डा आणि शेवटी तळटीपा, असे ते दोन-तीन आठवड्यांचे काम आहे. शेवटच्या वर्षी बहुतेक ठिकाणी आठ ते बारा हजार शब्दांचे डिझर्टेशन असते.

या ओझ्याचा स्वभाव उलटा आहे. ते रोज दारात येऊन उभे राहत नाही. मंगळवारी सकाळी अकरा वाजता ग्रंथालयात गेले नाही तर कोणी विचारत नाही. बुधवारीही विचारत नाही. मग टर्मच्या शेवटी तीन निबंध एकाच आठवड्यात द्यायचे असतात, आणि तेव्हा कळते की वाचनच झालेले नाही. आम्हाला वाटते, कला शाखेतली खरी अवघड गोष्ट हीच आहे. अठरा वर्षांच्या मुलाला वर्षाकाठी एक हजार तास स्वतःच्या शिस्तीने भरायचे असतात, आणि आजवर शाळेने त्याला घंटेवर उठायची-बसायची सवय लावलेली असते.

ऑक्सफर्ड आणि केंब्रिजमध्ये ही सूट बरीच कमी होते. तिथल्या टर्म आठच आठवड्यांच्या, आणि ट्युटोरियल किंवा सुपरव्हिजनमध्ये एक ते तीन विद्यार्थ्यांसमोर एक शिक्षक बसतो. कला शाखेला जवळजवळ दर आठवड्याला निबंध, विज्ञानाला प्रॉब्लेम शीट. न वाचता गेलेला विद्यार्थी तिथे पाच मिनिटांत उघडा पडतो.

मधल्या विषयांचे काय?

सगळेच विषय या दोन टोकांना बसत नाहीत.

• आर्किटेक्चर: केंब्रिजमध्ये बी.ए., युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमध्ये बी.एस्सी. नाव काहीही असो, स्टुडिओत रात्री जागवणारा विषय. मॉडेल बनवायच्या साहित्याचा खर्चही धरावा.
• फाइन आर्ट, डिझाइन, संगीत, नाट्य: नावाने कला, पण स्टुडिओ, तालीम आणि सराव यांत दिवस जातो. वेळापत्रकात दिसतात त्याहून बरेच जास्त तास इमारतीत काढावे लागतात.
• कायदा: वर्ग मर्यादित, वाचन प्रचंड. खटल्यांचे निकाल वाचणे हे या विषयाचे लॅब समजा.
• इकॉनॉमिक्स आणि सायकॉलॉजी: दोन्हीकडचे थोडे थोडे. निबंध आहेत आणि संख्याशास्त्रही आहे. "मॅथ्स नको म्हणून सायकॉलॉजी" अशी निवड करणाऱ्यांना पहिल्याच वर्षी धक्का बसतो.
• भूगोल: बी.ए. आणि बी.एस्सी. दोन्ही मिळते. फील्ड ट्रिपचे दिवस आणि खर्च विचारून घ्यावा.
• परकीय भाषा: पदवी बहुधा चार वर्षांची, त्यात एक वर्ष परदेशात. भाषेचे तास रोजच्या रोज, त्यामुळे इतर कला विषयांपेक्षा वर्ग जास्त.
• गणित: लॅब नाही, निबंध जवळजवळ नाहीत. पण एका प्रॉब्लेम शीटवर दोन-तीन संध्याकाळी सहज जातात, आणि त्यातून कागदावर उतरते अर्धे पान!

गुण कसे मिळतात

इथे ७० आणि त्यावर म्हणजे फर्स्ट, ६० ते ६९ टू-वन, ५० ते ५९ टू-टू आणि ४० ते ४९ थर्ड. आपल्याकडच्या ९० टक्क्यांच्या सवयीमुळे "फक्त ६८?" असे घरी म्हटले जाते. कृपया म्हणू नका. इतिहासाच्या निबंधात ६८ म्हणजे चांगले काम आहे. निबंधाच्या विषयांत बहुतेक गुण पन्नाशी-साठीतच घोटाळतात, आणि ८० च्या वर क्वचितच कोणी जाते.

गणित किंवा फिजिक्समध्ये उत्तर बरोबर असेल तर पूर्ण गुण मिळू शकतात. त्यामुळे तिथे ९० घेणारेही असतात आणि ३५ वर अडकणारेही. म्हणजे विज्ञानात वर चढायला जागा जास्त, आणि खाली घसरायलाही. कला शाखेत नापास होणे तुलनेने कमी, पण ६४ वरून ७२ वर जाणे फार चिवट काम. घरात दोन भावंडे दोन शाखांत असतील तर त्यांचे आकडे शेजारी ठेवून तुलना करण्यात काही अर्थ नाही.

बहुतेक विद्यापीठांत पहिल्या वर्षी पास होणे पुरते, त्याचे गुण अंतिम वर्गात धरत नाहीत. पण हा नियम सगळीकडे नाही, तेव्हा विभागाचे हँडबुक पाहावे. पहिले वर्ष मोजत नाहीत म्हणून सोडून दिलेली सवय दुसऱ्या वर्षी परत येत नाही, हेही सांगून ठेवावे.

वर्षाचे कॅलेंडर आणि आपले सण

पहिली टर्म सप्टेंबरच्या शेवटी किंवा ऑक्टोबरच्या सुरुवातीला सुरू होते. दिवाळी नेमकी टर्मच्या मध्यावर येते. कला शाखेत त्या सुमारास बऱ्याच विभागांत 'रीडिंग वीक' असतो. त्या आठवड्यात वर्ग नसतात. नावाप्रमाणे तो वाचनासाठी आहे, शाळेच्या हाफ टर्मसारखी सुट्टी नाही. पहिल्या निबंधाची तारीख बहुधा त्याच्या पाठोपाठ असते. मुलांनी दिवाळीला जरूर यावे, फराळ करावा, पण दोन दिवस पुस्तकांना मोकळे ठेवावेत. विज्ञानाच्या मुलांना ही सवलत सहसा नाही. लॅब असेल त्या दिवशी लक्ष्मीपूजन असले तरी लॅबलाच जावे लागते. अशांना फराळाचा डबा पोस्टाने!

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे डिसेंबर. ख्रिसमसची सुट्टी आणि भारतातला लग्नाचा हंगाम एकत्र येतो, आणि आपण उन्हाळ्यातच मुंबईची तिकिटे काढून ठेवतो. जानेवारीच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात अनेक विद्यापीठांत परीक्षा असतात किंवा निबंध द्यायचे असतात. चार लग्ने आणि कोकणची चक्कर करून पाच जानेवारीला परतलेल्या मुलाकडून काय अपेक्षा करणार? तिकिटे काढण्याआधी विद्यापीठाच्या संकेतस्थळावर टर्मच्या आणि परीक्षांच्या तारखा पाहा. शेवटच्या वर्षीची ईस्टरची सुट्टी तर डिझर्टेशन आणि उजळणीसाठी राखूनच ठेवावी.

घरून जाणारी मुले

राहण्याचा खर्च वाढल्यामुळे लंडन, बर्मिंगहॅम, लेस्टर, मँचेस्टर अशा शहरांतली आपली बरीच मुले घरूनच विद्यापीठात जातात. यात पैसे वाचतात, वरण-भात मिळतो, सगळे खरे. पण इथे कला शाखेच्या मुलांवर, आणि त्यातही मुलींवर, नकळत अन्याय होतो.

विज्ञानाला जाणारा मुलगा दिवसभर बाहेर असतो, म्हणून तो 'कामात'. कला शाखेची मुलगी आठवड्यातून दोन दिवस घरी दिसते, म्हणून ती 'मोकळी'. मग आजीला जीपीकडे नेणे, धाकट्याला शाळेतून आणणे, बॉयलर दुरुस्त करायला येणाऱ्यासाठी थांबणे, पाहुण्यांचे पोहे, सगळे तिच्याकडे. "तू घरीच तर आहेस ना!" हे वाक्य आपण किती सहज बोलतो. वरचा हिशेब आठवा. ती घरी असते तेव्हाच तिचे ते हजार तास चाललेले असतात. मुलाला कोणी लॅबमधून बोलावून आणत नाही, तसे मुलीलाही पुस्तकावरून उठवू नये.

उपाय साधा आहे. वेळापत्रकात फक्त वर्ग न लिहिता वाचनाचे तासही लिहायचे, आणि तो कागद फ्रिजवर लावायचा. घरात जागा नसेल तर त्या दिवशीही मुलीने ग्रंथालयात जावे. कामे करूच नयेत असे नाही, पण ती दोन्ही मुलांमध्ये सारखी वाटावीत.

फी आणि नोकरी

इंग्लंडमध्ये २०२५-२६ या वर्षासाठी इथल्या रहिवासी विद्यार्थ्यांची फी कमाल ९,५३५ पौंड होती, आणि कला काय विज्ञान काय, बहुतेक विद्यापीठे कमाल फीच घेतात. भारतातून येणाऱ्या विद्यार्थ्यांची फी बरीच जास्त असते, आणि लॅबच्या विषयांची बहुधा त्याहूनही वर. "नऊ तासांसाठी एवढे पैसे?" असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. पण वर्गाच्या तासाने भागाकार केला तर उत्तर चुकीचेच येणार. ग्रंथालय, ऑनलाइन नियतकालिके, तपासलेल्या निबंधावरचे शेरे आणि शिक्षकांची ठरलेली भेटीची वेळ या गोष्टींसाठीही ती फी आहे. शिक्षकांच्या 'ऑफिस अवर्स'ना न जाणारा विद्यार्थी भरलेल्या पैशांतला मोठा वाटा सोडून देतो.

पार्ट टाइम नोकरीचे म्हणाल तर कला शाखेच्या मुलांना वेळा जुळवणे सोपे जाते. त्यातच धोका आहे, कारण दुकानाची शिफ्ट ठरलेली असते, वाचनाची नसते. त्यामुळे शिफ्ट जिंकते. विज्ञानाच्या मुलांना आठवड्याच्या मध्ये वेळ मिळत नाही, आणि शनिवार-रविवार काम केले की रिपोर्ट रात्री लिहावा लागतो. पदवीसाठी स्टुडंट व्हिसावर आलेल्यांना टर्म चालू असताना आठवड्याला २० तासांपर्यंतच काम करता येते. ही मर्यादा काटेकोर पाळावी. आणि २० तास ही परवानगी आहे, सल्ला नव्हे. ४० तासांच्या अभ्यासावर २० तास नोकरी म्हणजे आठवड्याचे ६० तास होतात.

नोकरी करून शिकू इच्छिणाऱ्या आपल्यातल्या मोठ्यांसाठी ओपन युनिव्हर्सिटीचा मार्ग आहे. १९६९ साली तिची स्थापना झाली आणि १९७१ पासून विद्यार्थी शिकू लागले. वर्षाला १२० ऐवजी ६० क्रेडिट घेतली तर ओझे निम्मे आणि वर्षे दुप्पट, असा हा सरळ व्यवहार आहे.

निवड करण्याआधी विचारायचे प्रश्न

ओपन डेला जाल तेव्हा इमारती पाहून परत येऊ नका. विभागातल्या शिक्षकांना आणि विशेषतः दुसऱ्या वर्षाच्या मुलांना हे विचारा:

१. पहिल्या वर्षी आठवड्याला लेक्चर, सेमिनार आणि लॅब प्रत्येकी किती तास?
२. सेमिनारमध्ये किती जण असतात? शिकवते कोण?
३. एका टर्ममध्ये किती निबंध किंवा रिपोर्ट? त्यांच्या तारखा एकाच आठवड्यात येतात का?
४. परीक्षा आणि वर्षभराचे काम यांना किती किती टक्के?
५. पहिल्या वर्षाचे गुण धरतात का?
६. तपासलेले काम किती दिवसांत परत मिळते?
७. मागे पडलेल्या विद्यार्थ्याची दखल कोण आणि केव्हा घेते?
८. एआय साधनांच्या वापराबद्दल विभागाचे नियम काय आहेत?

आणि एक प्रश्न घरी, मुलालाच. "तुला रोज सांगितलेले काम रोज करायला आवडते, की एक मोठे काम घेऊन आपल्या चालीने करायला?" ए लेव्हलच्या दोन वर्षांत याचे उत्तर बहुधा दिसलेले असते. इतिहास किंवा इंग्रजीच्या ए लेव्हलला एक मोठा निबंध स्वतः करावा लागतो. तो त्याने कसा केला? दोन महिने आधी सुरू केला की शेवटच्या रविवारी? वेळापत्रकाशिवाय ढेपाळणाऱ्या मुलाला "सोपे जाईल" म्हणून कला शाखेत घालणे जितके चुकीचे, तितकेच वाचनात रमणाऱ्या मुलीला "काहीतरी ठोस शिक" म्हणून लॅबमध्ये उभे करणेही चुकीचे.

मागे पडल्याची खूण ओळखा

विज्ञानातला विद्यार्थी अडचणीत आला की लॅब चुकवायला लागतो किंवा प्रॉब्लेम शीट कोरी ठेवतो. कला शाखेतला विद्यार्थी सेमिनार चुकवायला लागतो, कारण वाचन झालेले नसते आणि न वाचता बसायची लाज वाटते. एक चुकला की दुसरा चुकवणे सोपे जाते. फोनवर "काय वाचतो आहेस?" असे सहज विचारा. उत्तर नेहमी "चाललंय" असेच येत असेल तर थोडे लक्ष घाला.

अठरा वर्षांनंतर विद्यापीठ मुलाच्या संमतीशिवाय पालकांना त्याची माहिती देत नाही. त्यामुळे विभागात फोन करून उपयोग नाही, मुलाशीच बोलायला हवे. त्याला पर्सनल ट्युटरकडे जायला सांगा. आजारपण, घरातले दुःख, डिस्लेक्सियासारखी अडचण यांसाठी मुदतवाढ आणि मदत यांची व्यवस्था सगळीकडे आहे, पण ती वेळेत मागावी लागते. निबंधाची तारीख उलटून गेल्यावर सांगितलेले कारण फारसे चालत नाही. आपल्या मुलांना मदत मागणे कमीपणाचे वाटते. तो कमीपणा नाही, हे त्यांना घरातूनच कळायला हवे.

मंडळी, आर्ट्स की सायन्स या वादाचा निकाल लावायला आम्ही हा लेख लिहिलेला नाही. दोन्हीकडे बाराशे तासच आहेत. एकीकडे विद्यापीठ हाताला धरून चालवते, दुसरीकडे आपल्या पायांनी चालायला सांगते. आपल्या मुलाला कोणती चाल झेपेल ते त्याच्याशी बसून ठरवा, आणि एकदा ठरले की घरी दिसणाऱ्या मोकळ्या वेळाकडे संशयाने पाहू नका.

आपल्या घरातल्या विद्यार्थ्यांचे अनुभव आम्हाला जरूर कळवा. विशेषतः दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलामुलींनी आपला एखादा खराखुरा आठवडा लिहून पाठवला तर पुढच्या वर्षी अर्ज करणाऱ्यांना त्याचा फार उपयोग होईल. सर्व विद्यार्थ्यांना आमच्या मनःपूर्वक शुभेच्छा!